प्रागचे खगोलीय घड्याळ: वर्गप्रकल्पाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान गणित, विज्ञान आणि भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि मुलांच्या प्रकल्पात मनापासून लक्ष घालणाऱ्या पालकांसाठी आहे. प्रागच्या जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्यावरील मध्ययुगीन घड्याळ समजून घेणे आणि त्याच्या तबकडीची कागदी प्रतिकृती स्वतः आखून तयार करणे, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे.

या प्रकल्पातून विद्यार्थ्यांनी नेमके काय शिकावे, अशी अपेक्षा आहे?

हे घड्याळ म्हणजे एका विशिष्ट गावावरून दिसणाऱ्या आकाशाचा फिरता नकाशा आहे, एवढी एक गोष्ट मुलांना पूर्णपणे उमगली तर प्रकल्प सफल झाला असे समजावे. थर्माकोलचा मनोरा, सोनेरी रंग आणि दिव्यांची माळ लावलेली प्रतिकृती प्रदर्शनात उठून दिसते. पण तिच्यावरचा काटा कोठे आणि का थांबला आहे, हे करणाऱ्या मुलाला सांगता येत नसेल तर तिच्यावर घालवलेला वेळ वाया गेला. म्हणून येथे भर आखणीवर आणि हिशेबावर ठेवला आहे.

हे घड्याळ कोठे आहे आणि किती जुने आहे?

चेक प्रजासत्ताकाची राजधानी असलेल्या प्रागच्या जुन्या शहराच्या चौकात, नगरभवनाच्या दक्षिणेकडील भिंतीवर ते बसवलेले आहे. चेक भाषेत त्याला ‘ओरलोय’ म्हणतात. त्याची पहिली लेखी नोंद ९ ऑक्टोबर १४१० ची आहे. काडान गावचा घड्याळजी मिकुलाश याने ते घडवले आणि प्राग विद्यापीठात गणित व खगोलशास्त्र शिकवणाऱ्या यान शिंदेल यांनी त्यामागचे खगोलगणित पुरवले, असे आज मानले जाते. तारखांची पाटी दाखवणारी खालची तबकडी नंतरची, साधारण १४९० च्या सुमाराची आहे.

युरोपात इतरही जुनी खगोलीय घड्याळे आहेत. मग प्रागचेच का निवडले?

पादुआ आणि स्ट्रासबुर्ग येथील घड्याळे याच्याही आधीची होती. पादुआचा जोवान्नी दोंदी याने १३६४ मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रात तर ग्रहांच्या गतीही दाखवल्या होत्या. प्रागच्या घड्याळात ग्रह नाहीत. सूर्य, चंद्र आणि राशिचक्र एवढेच त्यात आहे, आणि शाळेच्या दृष्टीने हीच त्याची मोठी सोय आहे. शिवाय आजही चालू असलेल्या खगोलीय घड्याळांत ते सर्वांत जुने आहे.

तबकडी वाचायची कशी? पहिल्यांदा पाहिल्यावर काहीच कळत नाही.

आधी सर्व काटे मनातून काढून टाकावेत आणि फक्त मागची रंगवलेली स्थिर पाटी पाहावी. मध्यभागी पृथ्वीचे छोटे वर्तुळ आहे. वरचा निळा भाग म्हणजे क्षितिजाच्या वरचे, दिवसाचे आकाश. खालचे काळे वर्तुळ म्हणजे पूर्ण रात्र, आणि या दोहोंमधला तांबूस पट्टा म्हणजे पहाट व संधिप्रकाश. डावीकडे पूर्व आहे आणि उजवीकडे पश्चिम. तेथे पहाट, उदय, अस्त आणि संधिप्रकाश या अर्थाचे लॅटिन शब्द लिहिलेले आहेत. सूर्य डावीकडून निळ्या भागात शिरतो, दुपारी बारा वाजता माथ्यावर येतो, उजवीकडे मावळतो आणि मध्यरात्री अगदी तळाशी असतो. म्हणजे हा काटा चोवीस तासांत एकच फेरा पूर्ण करतो. मुलांना येथेच पहिला धक्का बसतो, कारण घरातल्या घड्याळात बारा तासांचा फेरा असतो.

आता राशिचक्राचे कडे पाहावे. ते तबकडीच्या मध्याशी एककेंद्री नाही, एका बाजूला सरकलेले आहे. हे कडे म्हणजे क्रांतिवृत्त, अर्थात सूर्याचा आकाशातील वार्षिक मार्ग. सूर्याची सोनेरी चकती आपल्या काट्यावर घट्ट बसवलेली नसून काट्यावरून वरखाली सरकते आणि नेहमी या कड्यावरच राहते. उन्हाळ्यात ती मध्यापासून लांब जाते, त्यामुळे निळ्या भागातून जाणारा तिचा मार्ग लांबतो आणि दिवस मोठा होतो. हिवाळ्यात ती मध्याजवळ येते आणि दिवस लहान होतो. कडे एका बाजूला सरकलेले असल्यामुळेच ऋतू दिसतात, हे मुलाने आपल्या तोंडाने सांगितले की पुढचे सगळे सोपे जाते.

चंद्राचा गोळा अर्धा रुपेरी आणि अर्धा काळा आहे. आतल्या वजनामुळे, केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर, तो स्वतःभोवती हळूहळू फिरतो आणि कला दाखवतो. राशिचक्राला जोडलेला एक लहान तारा नाक्षत्र वेळ, म्हणजे ताऱ्यांच्या रोजच्या फेऱ्यावरून मोजलेली वेळ, दाखवतो.

एकाच तबकडीवर इतक्या प्रकारच्या वेळा कशासाठी?

कारण त्या काळी एकाच शहरात वेळ मोजण्याच्या एकाहून अधिक रीती चालत होत्या. सोनेरी रोमन आकडे आपल्या ओळखीचे समान तास दाखवतात. सर्वांत बाहेरच्या कड्यावरचे जुन्या वळणाचे आकडे बोहेमियातील जुनी वेळ दाखवतात. या पद्धतीत नवा दिवस सूर्यास्ताला सुरू होत असे, आणि सूर्यास्त वर्षभर पुढेमागे होत असल्यामुळे ते संपूर्ण कडेही वर्षभरात चार तासांहून थोडे अधिक अंतर मागेपुढे सरकते. निळ्या भागातील वक्र सोनेरी रेषा तिसरी रीत दाखवतात. तिच्यात सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा सारखे भाग करतात, त्यामुळे ‘तास’ ऋतूप्रमाणे लहानमोठा होतो. प्रागमध्ये जूनच्या अखेरीस असा तास सुमारे ८१ मिनिटांचा भरतो आणि डिसेंबरात जेमतेम ३९ मिनिटांचा.

आपल्याकडची घटिका मात्र कायम २४ मिनिटांचीच असे, कारण अहोरात्राचे ६० समान भाग करून ती ठरवलेली होती. मोजणी मात्र सूर्योदयापासून होत असे. पाण्यावर तरंगणारे, तळाला बारीक भोक असलेले घटिकापात्र ज्या मुलांनी पाहिले असेल किंवा आजीकडून ऐकले असेल, त्यांना ही तुलना चटकन कळते. बोहेमियात दिवसाची सुरुवात सूर्यास्ताला आणि पंचांगात सूर्योदयाला. यावर वर्गात चांगली चर्चा घडते.

दंतचक्रांचे गणित शाळकरी मुलांना झेपेल का?

सहज झेपेल, आणि माझ्या मते प्रकल्पाचा सर्वांत सुंदर भाग हाच आहे. मुख्य यंत्रात एकाच अक्षावर तीन मोठी चक्रे आहेत. त्यांना अनुक्रमे ३६५, ३६६ आणि ३७९ दाते आहेत. पहिले राशिचक्र फिरवते, दुसरे सूर्याचा काटा आणि तिसरे चंद्राचा. तिन्ही चक्रांचे दाते सारख्याच वेगाने पुढे ढकलले जातात. सूर्याचे चक्र दिवसाला एक फेरा करते, याचा अर्थ दिवसाला ३६६ दाते पुढे जातात.

आता राशिचक्र पाहू. त्याला ३६५ च दाते आहेत, म्हणून ते दिवसाला एका फेऱ्याहून थोडे अधिक फिरते. त्याचा एक फेरा पूर्ण व्हायला २४ तास गुणिले ३६५ भागिले ३६६ इतका वेळ लागतो. फळ्यावर भागाकार केला की उत्तर येते २३ तास ५६ मिनिटे आणि जवळजवळ ४ सेकंद. पृथ्वीचा नाक्षत्र दिवस इतकाच आहे. दात्यांच्या साध्या मोजणीतून सेकंदापर्यंतचे उत्तर निघते, हा क्षण मुलांना स्वतः गाठू द्यावा. शिक्षकांनी उत्तर आधी सांगू नये.

चंद्राचे उत्तर इतके नेटके येत नाही. चंद्राचा काटा दिवसाला ३६६ भागिले ३७९ फेरा करतो, म्हणजे सूर्यापेक्षा १३ भागिले ३७९ फेऱ्याने मागे पडतो. पूर्ण एक फेरा मागे पडायला ३७९ भागिले १३, म्हणजे सुमारे २९.१५ दिवस लागतात. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा खरा सरासरी काळ २९.५३ दिवसांचा आहे. म्हणजे काटा हात न लावता तसाच सोडला तर प्रत्येक चांद्रमासात तो खऱ्या चंद्राच्या साडेचार अंशांहून थोडा अधिक मागे पडेल आणि वर्षभरात पाच तिथींच्या आसपास चूक साचेल. अशा यंत्राला देखरेख करणारा माणूस का लागतो, हे मुलांना यावरून आपोआप कळते. एखादी विद्यार्थिनी ‘मग किती दाते असायला हवे होते?’ असे विचारील. तिला तो प्रश्न गृहपाठ म्हणून द्यावा. ३७९ च्या जागी ३७८, ३७९ आणि ३८० घालून तिने पाहिले तर पूर्णांकी दात्यांची मर्यादा तिच्या लक्षात येईल: ३७८ घेतले तर महिना साडेएकतीस दिवसांचा होतो आणि ३८० घेतले तर सुमारे २७.१४ दिवसांचा.

प्रतिकृतीसाठी मापे कोणती घ्यावीत?

जाड पुठ्ठा, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, परकार, कोनमापक आणि मध्यभागी लावायला एक पितळी पिन एवढे साहित्य पुरते. ही तबकडी म्हणजे आकाशगोलाचे उत्तर ध्रुवावरून विषुववृत्ताच्या प्रतलावर घेतलेले प्रक्षेपण आहे. त्यामुळे कर्कवृत्त बाहेर आणि मकरवृत्त आत येते.

विषुववृत्ताची त्रिज्या ६ सेंमी धरली तर कर्कवृत्ताची त्रिज्या ९.१५ सेंमी आणि मकरवृत्ताची ३.९३ सेंमी येते. ही तिन्ही वर्तुळे पुठ्ठ्यावर एकाच केंद्रातून काढावीत. राशिचक्र प्लॅस्टिकवर काढावे. त्याची त्रिज्या ६.५४ सेंमी असते आणि पिनेचे भोक त्याच्या केंद्रात न पाडता केंद्रापासून २.६१ सेंमी दूर पाडायचे असते. येथे घाईत हमखास चूक होते: परकाराच्या टोकाने आधीच एक भोक पडलेले असते आणि मुले त्यातच पिन घालतात. मग कडे छान गोल फिरते, पण कर्कवृत्ताला आणि मकरवृत्ताला एकदाही स्पर्श करत नाही. म्हणून प्लॅस्टिक कापण्यापूर्वी ते पुठ्ठ्यावर ठेवून फिरवून पाहावे. एका टोकाने ते बाहेरच्या वर्तुळाला आणि दुसऱ्या टोकाने आतल्या वर्तुळाला टेकले पाहिजे.

राशींचे बारा भाग कड्यावर सारखे नसतात. पिनेच्या भोकापासून किरण काढून ते पाडावेत. कडे विषुववृत्ताच्या वर्तुळाला छेदते तेथे मेषारंभ घ्यावा. तेथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने २७.९, ५७.८, ९०, १२२.२, १५२.१ आणि १८० अंशांवर पुढच्या राशींचे आरंभबिंदू येतात. ९० अंशांचा बिंदू म्हणजे कर्कारंभ, आणि तो पिनेपासून सर्वांत दूर आला पाहिजे. उरलेल्या अर्ध्या भागात हेच कोन १८० अंशांत मिळवून घ्यावेत.

प्रागच्या क्षितिजाची त्रिज्या ७.८२ सेंमी असते आणि त्याचे केंद्र पिनेच्या ५.०२ सेंमी खाली येते. अक्षांश ५०.१ धरून, ६ ला त्याच्या साइनने भागले की त्रिज्या आणि टॅनने भागले की केंद्राचे अंतर मिळते. नववीत त्रिकोणमितीची ओळख झालेल्या मुलांनी हे स्वतः काढावे. लहान वर्गांना आयते आकडे द्यायला हरकत नाही.

प्रतिकृती बरोबर झाली की नाही, हे कसे ताडून पाहावे?

काट्याची कड कर्कारंभावर आणावी आणि काटा व कडे एकत्र फिरवत तो बिंदू डावीकडच्या क्षितिजावर न्यावा. वेळ पहाटे चारच्या सुमाराची आली पाहिजे आणि उजवीकडे अस्ताची वेळ रात्री आठच्या सुमाराची. मकरारंभ घेतला तर सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवून चारच्या सुमारास मावळतो. अर्ध्या तासाहून अधिक फरक पडला तर क्षितिजाचे केंद्र तपासावे.

हेच घड्याळ पुण्यासाठी करता येईल का?

येईल, आणि आवर्जून करावे. विशेष म्हणजे राशिचक्राचे कडे, काटे आणि वृत्ते यांतले काहीही बदलावे लागत नाही, फक्त क्षितिजाची रेषा बदलते. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ आहे. त्यासाठी क्षितिजाची त्रिज्या १८.९ सेंमी येते आणि केंद्र पिनेच्या १७.९३ सेंमी खाली जाते. साधा परकार तेवढा उघडत नाही, म्हणून दोऱ्याला पेन्सिल बांधून कमान काढावी. ती प्रागच्या कमानीपेक्षा पुष्कळच सपाट दिसते. दोन्ही क्षितिजे एकाच पुठ्ठ्यावर वेगळ्या रंगांनी काढली की, पुण्यात मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आत का राहतो आणि प्रागमध्ये सोळा तासांपलीकडे का जातो, हे समजावून सांगावे लागत नाही. प्रकल्पाला वेळ कमी असेल तर बाकी काही वगळावे, हे वगळू नये.

घड्याळात सूर्य डिसेंबरातच मकर राशीत जातो, आणि आपली मकरसंक्रांत तर जानेवारीत असते. चूक कोणाची?

चूक कोणाचीच नाही. प्रागच्या घड्याळातल्या राशी सायन आहेत, म्हणजे मेषारंभ वसंतसंपातावर (मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूवर) धरलेला आहे. त्यामुळे २१ किंवा २२ डिसेंबरला, उत्तरायण सुरू होताना, सूर्य मकरारंभी असतो. आपली प्रचलित पंचांगे निरयन असून त्यांचा मेषारंभ ताऱ्यांच्या संदर्भाने धरलेला असतो. संपातबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकत असल्यामुळे या दोन आरंभबिंदूंमध्ये आज सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे, आणि सूर्याला तेवढे अंतर कापायला साडेतीन आठवड्यांच्या आसपास लागतात. हा प्रश्न मुले किंवा त्यांच्या घरची मंडळी विचारतातच, म्हणून शिक्षकांनी उत्तराची तयारी ठेवावी.

या प्रतिकृतीवर तिथी काढता येते का?

येते. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतराचा १२ अंशांचा एक टप्पा. सूर्याचा काटा आणि चंद्राचा काटा राशिचक्राच्या कड्याला जेथे छेदतात, तेथले अंश वाचावेत, चंद्राच्या अंशांतून सूर्याचे अंश वजा करावेत आणि १२ ने भागावे. येथे सायन-निरयनाची अडचणही येत नाही, कारण वजाबाकीत आरंभबिंदू निघून जातो. मुलांनी घरच्या पंचांगाशी रोज उत्तर ताडून पाहावे.

पृथ्वी मध्यभागी असलेले घड्याळ शिकवणे म्हणजे चुकीचे विज्ञान शिकवणे नव्हे का?

नव्हे. कोपर्निकसचा सूर्यकेंद्री विचार मांडणारा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे घड्याळ उभे राहिल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. पण मुद्दा केवळ काळाचा नाही. आपण पृथ्वीवर उभे राहून आकाश पाहतो, आणि कोणता गोल किती वाजता उगवेल हे सांगायचे असेल तर आजही पाहणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवूनच हिशेब करावा लागतो. काय दिसते आणि ते तसे का दिसते, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला मुलांना शिकवावे.

घड्याळजी हानुशचे डोळे काढल्याची गोष्ट खरी आहे का?

नाही. असे दुसरे घड्याळ इतर कोणत्याही शहराला मिळू नये म्हणून नगरपालिकेने हानुशला आंधळे केले, ही दंतकथा फार प्रसिद्ध आहे. भीष्म साहनी यांच्या ‘हानुश’ या हिंदी नाटकामुळे ती भारतातही पोहोचली. हे घड्याळ हानुशनेच घडवले असे कित्येक शतके मानले जात होते. १४१० चा दस्तऐवज विसाव्या शतकात उजेडात आल्यावर मिकुलाशचे नाव पुढे आले. गोष्ट वर्गात जरूर सांगावी, मात्र ती दंतकथा असल्याचे त्याच वेळी सांगावे. सहा शतके चाललेल्या एका यंत्राचे श्रेय चुकीच्या माणसाला मिळत राहिले आणि एका कागदाने ते दुरुस्त झाले, ही खरी हकिकतही तितकीच वेधक आहे.

तासाला दिसणाऱ्या मूर्तींचे काय?

दर तासाला खिडक्यांतून येशूचे शिष्य पुढे सरकतात, सांगाडा घंटा वाजवतो आणि शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. पर्यटकांची गर्दी यासाठीच होते. या मूर्ती घड्याळाच्या मूळ रचनेतल्या नाहीत, त्या पुढच्या शतकांत भर पडत आलेल्या आहेत. बाजूच्या मूर्तींमध्ये आरशात पाहणारा गर्विष्ठ, पैशाची थैली धरलेला कंजूष आणि चैनीचे प्रतीक म्हणून एक तुर्क आहे. परक्या समाजाचे असे एकसाची चित्रण त्या काळच्या युरोपातील पूर्वग्रहांतून आले, हे मोठ्या वर्गांना स्पष्टपणे सांगावे.

आज दिसते ते घड्याळ १४१० चेच आहे का?

अंशतः. १८६५-६६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्याच वेळी चित्रकार योसेफ मानेस यांनी बारा महिन्यांची चित्रे असलेली दिनदर्शिकेची तबकडी रंगवली. मे १९४५ मध्ये, युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, नगरभवनाला लागलेल्या आगीत घड्याळाची फार हानी झाली आणि शिष्यांच्या लाकडी मूर्ती जळाल्या. १९४८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. २०१८ च्या दुरुस्तीत विजेवरची यंत्रणा काढून एकोणिसाव्या शतकातील यांत्रिक रचना परत बसवण्यात आली.

भारतात त्या काळी असे काही होते का?

असे मनोऱ्यावरचे घड्याळ नव्हते. पण ज्या उपकरणाच्या तत्त्वावर ही तबकडी बेतलेली आहे, ते अ‍ॅस्ट्रोलेब (सूर्य-ताऱ्यांच्या स्थानावरून वेळ काढण्याचे तबकडीसारखे उपकरण) भारतात चांगले परिचित होते. फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाला असलेल्या महेंद्रसूरी या जैन पंडितांनी १३७० मध्ये त्यावर ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, म्हणजे प्रागच्या घड्याळाच्या चाळीस वर्षे आधी. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सवाई जयसिंहाच्या काळातील प्रचंड आकाराचा धातूचा यंत्रराज, म्हणजे असेच उपकरण, आजही पाहता येतो. सहल तिकडे जाणार असेल तर मुलांनी आपली पुठ्ठ्याची तबकडी बरोबर न्यावी.

पुण्याची प्रतिकृती बिनचूक आखूनही वर्तमानपत्रातल्या सूर्योदयाच्या वेळेशी जुळत नाही. असे का?

प्रतिकृती स्थानिक सौर वेळ दाखवते, आणि आपले हातातले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ दाखवते. पुणे त्या रेषेच्या सुमारे ८.६ अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने प्रतिकृतीच्या वेळेत साधारण ३५ मिनिटे मिळवावी लागतात. प्रागच्या बाबतीत हाच फरक दोन-तीन मिनिटांचा आहे, कारण ते शहर आपल्या प्रमाणवेळेच्या रेषेच्या अगदी जवळ आहे. याशिवाय सूर्याची आकाशातील गती वर्षभर सारखी नसल्यामुळे ऋतूनुसार पाव तासापर्यंत फरक पडतो, आणि वातावरणात प्रकाश वाकत असल्यामुळे सूर्य गणितापेक्षा दोन-तीन मिनिटे आधीच दिसू लागतो. मुलांनी ३५ मिनिटांची दुरुस्ती आधी करावी आणि उरलेला फरक दर आठवड्याला आलेखावर मांडत जावा.